तहान आणि तृष्णा

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्या काळाचा जणू कुलमंत्र झाला आहे. शिक्षणाचा उपयोग काय, नात्यांचा उपयोग काय, येथपासून तो प्रार्थनेचा आणि ध्यानाचा उपयोग काय, येथपर्यंत त्याची मजल गेली आहे. या प्रश्नाला नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीची भ्रांत आहे, त्याला हा प्रश्न विचारावाच लागतो. तो न विचारण्याची चैन सुखवस्तूंनाच परवडते. परंतु हा प्रश्न माणसाला कोठवर सोबत करू शकतो आणि कोठे त्याचा हात सोडावा लागतो, याचा विचार होणे अगत्याचे आहे. कारण माणसाच्या अंतःकरणात पालट व्हावा म्हणून ज्या साधना निर्माण झाल्या, त्यांनाही आता आपण बाजारातल्या मालाप्रमाणे हातावर तोलून पाहू लागलो आहोत.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची एक संपूर्ण शाखा याच प्रश्नावर उभी आहे. इंग्रजीत तिला प्रॅग्मॅटिझम म्हणतात. मराठीत तिला फलप्रामाण्यवाद असे नाव रूढ आहे. चार्ल्स पर्स या अमेरिकन विचारवंताने 1878 साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, एखाद्या कल्पनेचा अर्थ जाणून घ्यायचा असेल, तर ती खरी मानल्याने अनुभवात कोणता फरक पडेल ते पाहावे. जिच्यामुळे कोणताच फरक पडत नाही, त्या कल्पनेवर वाद घालणे व्यर्थ होय. विल्यम जेम्स यांनी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतून ही कसोटी सत्यालाच लावली. जो विश्वास जीवनात समाधानकारक रीतीने काम देतो तो त्या प्रमाणात सत्य होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे जॉन ड्यूई यांनी तिला सामाजिक रूप दिले. त्यांच्या मते विचार हे अडचणीतून वाट काढण्याचे साधन आहे. समाजाची रूढी, शिक्षणाची पद्धत, राज्याचा कायदा, या सर्वांची परीक्षा त्यांच्या परिणामांवरून व्हावी आणि ज्यांवर ते परिणाम घडतात त्या सर्वांनी मिळून ती करावी. तेव्हा हा विचार म्हणजे निव्वळ नफ्या-तोट्याचे गणित, असे समजणे अन्यायाचे ठरेल.

बुद्धवचने वाचताना कित्येकदा असे वाटते की, हाच सूर आपण भारतभूमीत फार पूर्वी ऐकला आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असे प्रश्न घेऊन आलेल्या मालुंक्यपुत्राला बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण मारणारा कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचे, पिसे कोणत्या पक्ष्याची, हे कळल्यावाचून बाण काढू देणार नाही असे जो म्हणेल, तो उत्तर मिळण्यापूर्वीच मरेल. दुसऱ्या एका सुत्तात धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. नदी पार करण्यासाठी तराफा बांधावा. पार झाल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडू नये. कालामांना तर त्याने असे सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आढळले किंवा गुरूने सांगितले एवढ्याने काही स्वीकारू नका. आचरणाने अहित होते की हित होते हे स्वतः पारखून घ्या. या तीन ठिकाणांवर बोट ठेवून काही अभ्यासक बुद्धाला आद्य फलप्रामाण्यवादी म्हणतात. हे साम्य खरे आहे. पण ते अर्धेच आहे, असे आमचे नम्र मत आहे.

या दोन विचारांची भेट केवळ ग्रंथांतच झाली असती, तर तिच्याविषयी आम्ही येथे लिहिले नसते. ती एका मराठी माणसाच्या आयुष्यात झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील 1916 पर्यंतच्या वास्तव्यात ड्यूई त्यांचे अध्यापक होते. 1936 साली छापलेल्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण उघडपणे मान्य केले. वारशाने आलेले सर्वच जतन करणे हे समाजाचे कर्तव्य नसून, भावी समाज अधिक चांगला होईल एवढेच पुढे द्यावे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तेथे आधाराला घेतला. 1952 च्या जूनमध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते अमेरिकेत गेले, तेव्हा नुकतेच, 1 जून रोजी, ड्यूईंचे निधन झाले होते. गुरु-शिष्यांची भेट राहून गेली. पुढे चार वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूर येथे या शिष्याने आपल्या लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण जाण्याची प्रतिज्ञा केली.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा विषय गावातला आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील गावागावांत बौद्ध वस्ती आहे, निळा ध्वज आहे, लहानमोठा विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या दिवसांत विहारांमधून बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालते. सोयाबीनच्या खुरपणीवरून परतलेल्या बायाबापड्या हातपाय धुऊन ते ऐकावयास बसतात. त्या पानांमधून कपिलवस्तूचा राजपुत्र बोलत असतो आणि त्याच्या बोलण्यात अधूनमधून कोलंबियाच्या अध्यापकाचाही स्वर मिसळलेला असतो, हे ऐकणाऱ्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेतील हा संवाद समजून घेणे, हे आपल्यालाही आपल्या श्रद्धेकडे पाहण्यास उपकारक ठरेल.

आता भेद कोठे आहे ते पाहू.

पहिला भेद सत्याविषयी आहे. अभयराजकुमार सुत्तात असा प्रसंग आहे की, अप्रिय वाणी बुद्ध कधी उच्चारतो काय, असे राजपुत्र अभय विचारतो. त्याच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल असते. बुद्ध त्याला उलट विचारतो, या बाळाने खडा किंवा काडी तोंडात घातली तर तू काय करशील? राजपुत्र उत्तरतो, रक्त आले तरी चालेल, मी बोट घालून ती काढीन, कारण बाळावर माझी दया आहे. मग बुद्ध आपल्या वाणीचे नियम सांगतो. जे असत्य आहे ते तो बोलत नाही. जे सत्य पण निरुपयोगी आहे तेही बोलत नाही. जे सत्य आणि हितकर आहे ते, प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतो. या यादीत एक शक्यता घेतलेलीच नाही, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. असत्य परंतु हितकर, असा प्रकारच तेथे नाही. उपयोगाची कसोटी बुद्ध लावतो खरी, पण ती सत्याच्या कुंपणाच्या आत लावतो. अनेक सत्यांमधून कोणते सांगावे हे उपयोगाने ठरते. काय सत्य आहे हे उपयोगाने ठरत नाही. जेम्स यांची वाट येथे वेगळी होते.

दुसरा भेद अधिक खोल आहे आणि तो समजण्यास आपली मराठी भाषाच साह्य करते. ज्या मूळ कारणामुळे दुःख उत्पन्न होते, त्याला पालीत ‘तण्हा’ हा शब्द आहे. संस्कृतात तृष्णा, प्राकृतात तण्हा, आणि मराठीत तहान. संस्कृतातून आपण पुन्हा उसना घेतलेला ‘तृष्णा’ हा शब्द आपल्याला वासनेची आठवण देतो, तर घरातला ‘तहान’ हा शब्द पाण्याच्या तांब्याची. शब्द मुळात एकच. माणसाच्या दोन गरजांनी त्याची दोन रूपे वाटून घेतली.

फलप्रामाण्यवाद तहानेचा विचार करतो. माणसाला अडचण आहे, इच्छा आहे. बुद्धीने वाट काढावी, इच्छा शहाणपणाने पुरी करावी, त्यातून नवी इच्छा व नवी अडचण निर्माण झाली, तर पुन्हा तोच उद्योग करावा. ड्यूईंच्या लेखी वाढ हेच वाढीचे साध्य. तिच्यापलीकडे अंतिम मुक्काम नाही. आजचे साध्य उद्याचे साधन होते. तराफ्याच्या भाषेत बोलायचे, तर एक नदी ओलांडली की दुसरी नदी येते आणि तराफे बांधीत राहणे हाच मनुष्यधर्म ठरतो. बुद्धाची साधना तृष्णेचा विचार करते. इच्छा कशी पुरी होईल यापेक्षा, इच्छा करणारा जो ‘मी’ तिला घट्ट धरून बसला आहे त्याची पकड कशी सुटेल, हे ती पाहते. तिच्या लेखी पैलतीर आहे. शील, समाधी आणि प्रज्ञा ही त्या तीराकडे नेणारी वाट आहे. ती तापलेल्या डोक्यावर ठेवायची ओली पट्टी नव्हे.

मग बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी तहानलेल्या माणसाच्या बाजूने बुद्धाला प्रश्न विचारले. हे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना अनुभवाने मिळाला होता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा त्यांना सत्याग्रह करावा लागला. 1934 साली आपल्याच मराठवाड्यात, निजामी अमलातील दौलताबादच्या किल्ल्यापाशी, ते व त्यांचे सोबती धुळीने माखलेले हातपाय तळ्यावर धूत असता, तळे बाटवले म्हणून लोक त्यांच्या अंगावर धावून आले होते. ज्याला पाण्याला शिवू दिले जात नाही, त्याला ‘तहान सोड’ असे सांगणे हे अध्यात्म नव्हे. ती क्रूर थट्टा होय.

म्हणूनच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या, ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार शंका मांडल्या. सिद्धार्थाने घर सोडण्याचे पारंपरिक कारण पटण्याजोगे आहे काय? जन्म-जरा-मरण हेच सर्व दुःख असेल, तर धर्म कोणती आशा देतो? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावायची? आणि भिक्षू हा स्वतःपुरता पूर्णपुरुष आहे की समाजसेवक? मानवी हिताशी ज्याचा संबंध नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारता येणार नाही, अशी कसोटीही त्यांनी घालून दिली. ही कसोटी ऐकताच ड्यूईंचे शिष्यत्व ओळखू येते. त्यांच्या ग्रंथातील सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडीत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या युद्धाला विरोध केल्यामुळे तो परिव्रज्या पत्करतो. दुःखाच्या मुळाशी येथेही पाणीच आहे.

यावर काही बौद्ध विद्वानांनी आक्षेप घेतला, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धम्माला समाजसुधारणेचे साधन केले, निब्बाणाची उंची कमी केली, असा त्याचा आशय. आक्षेपात तथ्य नाही असे म्हणवत नाही. विकारांवर इतका ताबा असणे की सन्मार्गावर चालता यावे, असा निब्बाणाचा अर्थ बाबासाहेब सांगतात. परंपरेतील सर्व आशय त्यात मावतोच असे नाही. परंतु याच माणसाने आयुष्याच्या अखेरीस केवळ फलप्रामाण्यवादाने आपले भागणार नाही, हेही जाणले होते. ज्या हातांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्या हातांना कायद्याची शक्ती आणि तिची सीमा दोन्ही ठाऊक होती. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना, माणसाचे मन पालटणे हाच बुद्धाचा मार्ग आहे आणि बळाने आणलेली समता बळ ओसरताच टिकत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, 6 डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. समाज बदलण्याची साधने हाती असलेल्या माणसाने शेवटी मनापाशी येऊन थांबावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

‘उपयोग काय?’ हा प्रश्न उथळपणे विचारला म्हणजे काय होते, याचा मराठवाड्याला कडू अनुभव आहे. 27 जुलै 1978 रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि खेड्यापाड्यांतून दलितांच्या झोपड्या पेटल्या. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. त्या काळात कित्येक सज्जन म्हणत, नावात काय आहे? नावाने पदवीचा दर्जा वाढतो की नोकरी मिळते? हा आग्रह सोडून द्या, गाव शांत राहील. वरवर पाहता हे व्यवहारी शहाणपण होते. पण हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत अपमान सोसणाऱ्याच्या मनाला रकानाच नव्हता. ड्यूईंचा खरा फलप्रामाण्यवाद असा सौदा मान्य करणार नाही, कारण परिणाम भोगणाऱ्या सर्वांना त्याच्या हिशेबात जागा आहे. म्हणून पहिला पडताळा हा की, ‘उपयोगाचे’ असे कोणी म्हटले की लगेच विचारावे, कोणाच्या उपयोगाचे?

परंतु एवढा पडताळा पुरेसा नाही. आजच्या ध्यानाच्या बाजाराकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू झाली. तेथे साधकाला प्रथम पंचशील घ्यावे लागते, मगच श्वासाकडे पाहण्यास सांगितले जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकेत 1979 पासून रुग्णांच्या वेदना व ताण हलका करण्यासाठी ध्यानाचा वापर होऊ लागला. तोही उपकाराचाच आहे. पुढे मात्र ध्यानातून शील गळाले आणि निव्वळ तंत्र उरले. मोबाइलवर ते दहा मिनिटांच्या पुडीत मिळू लागले. ध्यानाने एकाग्रता वाढते, हे खरे. पण एकाग्रता पारध्याच्या नेमातही असते आणि मांजराच्या दबा धरण्यातही असते. दामदुपटीने व्याज घेणारा सावकार सकाळी अर्धा तास शांत बसून मग अधिक थंड डोक्याने शेतकऱ्याची जमीन लिहून घेऊ लागला, तर त्याच्या ध्यानाचा ‘उपयोग’ झाला असेच म्हणावे लागेल! बुद्धाने स्मृतीला आणि समाधीला ‘सम्यक्’ हे विशेषण लावले, ते उगीच नव्हे. तृष्णा सुटावी म्हणून दिलेले साधन तृष्णेच्याच सेवेस लावणे, म्हणजे तराफा मोडून त्याच्या लाकडांची तिजोरी करणे होय.

ख्रिस्ती वाचकांनी हे शेजाऱ्याचे दुखणे समजून पुढे जाऊ नये. 1998 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘श्रद्धा आणि विवेक’ या विश्वपत्रात, नैतिक तत्त्वांचा विचार बाजूला सारून केवळ सोयीने निर्णय घेण्याच्या वृत्तीबद्दल इशारा दिला होता. ती वृत्ती आपल्या देवळांतही आहे. परीक्षेसाठी नोव्हेना, व्हिसासाठी नोव्हेना, खटल्यासाठी नोव्हेना. मागितले ते मिळाले की देव खरा, न मिळाले की दुसरे तीर्थस्थान. देवापाशी मागणे गैर नाही. रोजच्या भाकरीसाठी मागावयास प्रभूनेच शिकविले आहे. परंतु त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे येते. संत इग्नेशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पायाशी हेच तत्त्व ठेवले की, सृष्टीतील वस्तू अंतिम ध्येयाला जेवढ्या साह्यकारी तेवढ्याच वापराव्यात, अडसर होतील तेवढ्या सोडाव्यात, आणि त्यासाठी आपल्या आवडी-नावडीपासून मोकळे व्हावे. उपयोगाची भाषा येथेही आहे. मात्र प्रथम साधकाच्या इच्छेलाच परीक्षेस बसविले आहे. बौद्ध आणि ख्रिस्ती यांचे पैलतीर एक नव्हे. देव आणि आत्मा यांविषयी त्यांच्यात मोठे अंतर आहे, ते झाकून मैत्री साधत नाही. तरी साधनेची किंमत आपल्या इच्छेच्या तराजूत होऊ नये, या ठिकाणी दोन्ही वाटा जवळ येतात.

आमच्या या भागात उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहत घागरी रांगेत लागतात. त्या रांगेतील बाईला वैराग्याचे प्रवचन देण्याची छाती कोणत्याही भिक्षूला वा फादरला होऊ नये. तिला आधी पाणी हवे. आणि विहीर, नळ, न्याय्य वाटप हे सारे फलप्रामाण्याच्या बुद्धीनेच साधेल. तेथे ड्यूईंचा शिष्यच आमचा गुरू. पण नळ आल्यावर पहिला पाइप आपल्याच दारी यावा म्हणून भांडणारा, तोटी दुसऱ्याच्या वस्तीकडे जाऊ नये म्हणून ग्रामसभेत हात वर करणारा, तोही तहानलेलाच असतो. त्याची तहान कोणत्याही टँकरने भागणारी नाही. ती तृष्णा आहे. तिला औषध निराळे.

तेव्हा वाचकहो, आपण या दोन तहानांची गल्लत करू नये, हीच आमची विनवणी. पहिली भागवावी आणि तीही आपल्याआधी शेजाऱ्याची. दुसरी ओळखावी आणि तीही शेजाऱ्याच्या आधी आपली. हा क्रम उलटला की धर्माचे ढोंग होते. आपली तहान न्याय्य आणि शेजाऱ्याची ती मात्र तृष्णा, असे म्हणणारे लोक महाडच्या तळ्यावर होते, दौलताबादच्या पायथ्याशी होते. ते आपल्यामध्येही आहेत काय, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारून पाहावे.